वसतिगृह म्हणजे अतिरिक्त कार्यभार नव्हे

विद्यापीठानं शिकवावं, संशोधन करावं, वेळेवर निकाल लावावेत. खाणावळ आणि धर्मशाळा चालवणं हे त्याचं काम नव्हे. हे मत आता इतकं रुजलं आहे की ते कुणी तपासून पाहतही नाही, सगळे गृहीतच धरतात. अर्थसंकल्पाच्या बैठकीत वसतिगृहाचा विषय निघाला की एखादे ज्येष्ठ सदस्य ते ऐकवतात, बाकीचे माना डोलावतात आणि विषय दुरुस्तीच्या किरकोळ खर्चासकट हातावेगळा होतो.

या मताचं पूर्ण रूप असं आहे. खोल्या बांधून दिल्या, कॉट-टेबल दिलं, दाराशी रखवालदार बसवला की विद्यापीठाची जबाबदारी संपली. मेससाठी टेंडर काढावं आणि सगळ्यांत कमी दर भरणाऱ्याला द्यावं. देखरेखीसाठी एखाद्या प्राध्यापकाकडे रेक्टर म्हणून अतिरिक्त कार्यभार सोपवावा. त्यात वेगळं शिकण्यासारखं काय आहे? त्याहून बरं म्हणजे मुलांच्या खात्यावर पैसे टाकावेत, त्यांनी बाहेर आपली सोय पाहावी. आणि एवढं करूनही मुलं कुरकुर करत असतील तर ती लाडावली आहेत. आमच्या वेळी लोक वार लावून जेवले, कंदिलाखाली वाचलं, आणि तरीही शिकलेच ना?

मी काही वर्षं विद्यापीठाच्या वसतिगृहांचं काम पाहिलं आहे आणि यातलं एकही वाक्य मला मान्य नाही. महाराष्ट्रात सामान्य घरातली मुलं उच्च शिक्षणापर्यंत ज्या वाटेनं पोचली, ती वाटच हे मत नाकारतं.

‘हे आपलं काम नव्हे’ म्हणणाऱ्यांनी आपलं काम सुरू कसं झालं ते आधी पाहावं. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं ते १९०१ साली. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा त्यांचा निर्णय १९१७ चा. बोर्डिंग आधी, सक्तीची शाळा त्यानंतर सोळा वर्षांनी. हा क्रम आपोआप लागलेला नाही. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होतं, हायस्कूल होतं, शिकवणारे होते. पण खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा शहरात येऊन झोपणार कुठं आणि जेवणार कुणाकडे, हे ठरत नाही तोवर त्या कॉलेजाचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. महाराजांनी हे ओळखलं. म्हणून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहत गेली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघालं. जागा, इमारती, उत्पन्न, सगळं या कामाला लावून देणारा माणूस राजा होता. मुलांच्या राहण्या-जेवणाचा प्रश्न त्याला आपल्या पदाला न शोभणारा वाटला नाही. मग आजच्या कुलगुरूंना, अधिष्ठात्यांना, व्यवस्थापन परिषदेच्या सदस्यांना तो का वाटावा?

कर्मवीर भाऊराव पाटील त्याच कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकले. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली तीही वसतिगृहाचं काम डोळ्यांसमोर ठेवून. साताऱ्याचं बोर्डिंग १९२४ चं. १९२७ साली गांधीजी तिथं आले आणि त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. रयतचं पहिलं कॉलेज, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज, उघडलं १९४७ साली. जेवणाची पंगत आधी बसली आणि कॉलेजचा वर्ग तिच्यानंतर भरला. त्या पंगतीत सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करत, एकत्र जेवत. आणि तिच्यातलं धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. ज्या संस्थेतून लाखो मुलं शिकून बाहेर पडली तिच्या पायात एका बाईचं मंगळसूत्र गेलं आहे, आणि ते मुलांच्या भाकरीसाठी गेलं आहे. औरंगाबादेत १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू झालं तेव्हाही हेच घडलं. मराठवाड्याच्या खेड्यांतली मुलं तिथं टिकली ती आवारातल्या वसतिगृहांमुळे. हा सगळा इतिहास जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत आपण सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी मेस हे आपलं काम नव्हे असं इतिवृत्तात लिहितो.

वार लावून जेवणाऱ्यांचा दाखला तर मुळीच देऊ नये. आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायला जाण्याची ती सोय कुणासाठी होती? ज्याच्या जातीमुळे सात घरांचे उंबरठे त्याला खुले होते त्याच्यासाठी. महाराच्या, मांगाच्या, धनगराच्या मुलाला पुण्यातल्या कुठल्या वाड्यात वार मिळाला असता? माधुकरी मागून शिकलेल्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण त्या कष्टांची वाटही सगळ्यांना मोकळी नव्हती, आणि ज्यांना ती बंद होती त्यांच्यासाठीच बोर्डिंगं काढावी लागली. मुलींसाठी तर वार हा प्रकारच नव्हता. तेव्हा ‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्यांनी आपल्या वेळी वर्गात कोण बसत होतं आणि कोण बसत नव्हतं, तेही सांगावं.

आता टेंडरकडे येऊ. माझा खरा राग इथं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा मेसचा दर महिना ३,००० रुपये ठरला. दिवसाला १०० रुपये. त्यातून ठेकेदाराला कर भरायचा, विद्यापीठाला जागेचं भाडं आणि विजेचं बिल द्यायचं, आचारी, वाढपी, पोळ्या लाटणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या बायका यांचे पगार करायचे, १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर आणायचे, आणि स्वतःचा नफाही काढायचा. एवढं वजा जाता ताटात साठ रुपये पडत असतील तर पुष्कळ झालं. म्हणजे एका वेळेला तीस. सगळ्यांत कमी दर भरणाऱ्याला टेंडर दिलं की या तिसाचेही पंचवीस होतात, कारण बाकीचे खर्च कमी करता येत नाहीत. कमी करता येतं ते फक्त ताटातलं. वरण पातळ होतं. बटाटा आठवड्यातून पाच वेळा येतो. दुपारची उरलेली भाजी संध्याकाळी रस्सा होऊन परत येते. एकदा तळलेलं तेल चार दिवस चालतं. रविवारी संध्याकाळी मेस बंद.

पण कमी दर हा त्यातला लहान दोष आहे. मोठा दोष ठोक मासिक दराच्या रचनेतच आहे आणि त्याकडे कुणी पाहत नाही. विद्यार्थ्यानं महिन्याचे पैसे आधी भरलेले असतात. खाडे धरायचे तर चार दिवस आधी अर्ज द्या, सलग इतके दिवस असतील तरच धरू, अशा अटी असतात. त्यामुळे जो मुलगा जेवायला येत नाही त्याचं ताट म्हणजे ठेकेदाराचा निव्वळ फायदा. जेवण जितकं बेचव तितकी येणारी मुलं कमी, आणि येणारी मुलं कमी तितका त्याचा नफा जास्त. वाईट स्वयंपाकाला बक्षीस देणारी व्यवस्था आपण स्वतः, सही-शिक्क्यानिशी उभी करतो आणि मग ठेकेदार बदमाश निघाला म्हणून बोंबा मारतो. ठेकेदार बदलून काय होणार? पुढचाही त्याच हिशेबात बसणार.

याच्या उलट, महिन्याचा झालेला प्रत्यक्ष खर्च जेवलेल्या ताटांवर वाटायचा ही पद्धत जुनी आहे आणि आजही काही वसतिगृहांत मुलं ती स्वतः चालवतात. मेस सेक्रेटरी बाजारात जातो, भाजीचा भाव वहीत लिहितो, महिनाअखेर हिशेब भिंतीवर लागतो. तिथं ताटं वाया गेली तर सगळ्यांचंच बिल वाढतं, म्हणून वाया जाणाऱ्या अन्नावर सगळ्यांची नजर असते. ही पद्धत आपोआप चालत नाही. दरवर्षी मुलं बदलतात, वही नव्या हातात जाते, आणि ती नीट जावी म्हणून वर एक कायमचा, जाणता माणूस लागतो. तोच आपल्याकडे नाही.

सरकारचा करकायदाही या बाबतीत आपल्या परिषदेच्या सदस्यांपेक्षा शहाणा आहे. शैक्षणिक संस्था आपल्या विद्यार्थ्यांना स्वतः जेवण देत असेल तर ती शिक्षणसंस्थेची सेवा मानली जाते आणि तिच्यावर जीएसटी लागत नाही. तेच जेवण बाहेरच्या ठेकेदारानं दिलं तर ५ टक्के कर. केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळानं २०१८ साली परिपत्रक काढून हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे मुलांना जेवू घालणं हा शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग आहे हे दिल्लीच्या कर खात्याला पटलं; ते विद्यापीठालाच का पटू नये?

आणि मेसमध्ये केवळ अन्न नसतं, पंगत असते. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत काही वसतिगृहांच्या सामाईक मेसमधली सहा टेबलं शाकाहारींसाठी राखून ठेवण्यात आली. निषेध म्हणून तिथं बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. त्या वादात कुणाची बाजू बरोबर याविषयी माझं मत स्पष्ट आहे: एका मेसमध्ये कोण कुणाच्या शेजारी बसून काय खाणार याच्या भिंती घालणं शाहू-भाऊरावांच्या महाराष्ट्रात चालता कामा नये. पण माझं मत बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. हा प्रश्न कुठला ठेकेदार सोडवणार होता? टेंडरच्या कुठल्या अटीत तो बसतो? कुणाशेजारी कोण जेवतो हा या देशातला फार जुना प्रश्न आहे, आणि तो रोज दोन वेळा मेसच्या टेबलावर येतो. तो हाताळायला समाज कळणारा, मुलांशी बोलू शकणारा आणि निर्णय घ्यायचा अधिकार असलेला माणूस लागतो.

तो माणूस म्हणजे अतिरिक्त कार्यभार सांभाळणारे प्राध्यापक, असं उत्तर मिळतं. बिचारे प्राध्यापक! दिवसभर तास घ्यायचे, पीएच.डी.चे विद्यार्थी पाहायचे, नॅकची कागदपत्रं भरायची, उत्तरपत्रिका तपासायच्या, आणि संध्याकाळी पाचनंतर पाच-सहाशे मुलांचा संसार. त्यांच्यातले कित्येक जण जीव तोडून काम करतात, हे मी पाहिलं आहे. पण मनापासून काम करणाऱ्या माणसालाही दोन पूर्ण नोकऱ्या एका अंगावर पेलत नाहीत. त्यातून ही नेमणूक वर्ष-दोन वर्षांची. कुठल्या इमारतीचा नळ कुठून गळतो, कुठल्या मजल्यावर कुणाची दादागिरी चालते, अर्ज न करता कुणाच्या खोलीत कोण पॅरासाइट म्हणून राहतो आणि तो खरोखर गरजू आहे की नुसता जागा अडवून बसला आहे, हे कळू लागेपर्यंत कार्यभार दुसऱ्याकडे जातो.

वसतिगृह आणि मेस चालवणं म्हणजे नेमकं काय, ते विरोधकांनी एकदा मेसच्या मागच्या दारानं आत जाऊन पाहावं. सकाळी साडेअकराची वेळ. आधी साठवणीची खोली: पोती जमिनीला टेकली आहेत की फळीवर आहेत, पिठाला जाळं धरलंय का, तेलाचे डबे सीलबंद आहेत की अर्धवट उघडे. मग पळी वरणात बुडवून वर उचलायची आणि वरण पळीला धरतंय का ते पाहायचं. सरळ ओघळून गेलं तर मुलांसमोर आज पिवळं पाणी जाणार. कढईतल्या तेलाचा रंग आणि फेस पाहायचा. पोळी मुठीत दाबून सोडायची. हात पुसायच्या फडक्याचा वास घ्यायचा. गच्चीवर चढून टाकीचं झाकण उचलायचं, कारण जुलैमध्ये अर्ध्या वसतिगृहाला जुलाब लागतात तेव्हा कारण बहुधा तिथंच सापडतं. हे रोज करावं लागतं, न सांगता करावं लागतं, आणि काय पाहायचं ते शिकावं लागतं. अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणानं अन्न हाताळणाऱ्या दर पंचवीस माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा असं सांगितलं आहे. आपल्या किती मेसमध्ये असा एक तरी माणूस आहे हे कुलसचिवांना विचारा.

आणि मेसच्या दाराशी हजेरीचं एक रजिस्टर असतं. मला विचाराल तर सबंध विद्यापीठात त्याच्याइतका महत्त्वाचा कागद नाही. जो मुलगा रोज येत होता तो सलग तीन दिवस आला नाही, तर त्याचं काहीतरी बिघडलं आहे. घरून पैसे आले नसतील आणि पुढच्या महिन्याचे भरता येणार नाहीत म्हणून तो आत्तापासून वडापाववर राहत असेल. आजारी असेल. खोलीत कडी लावून पडला असेल आणि कुणाशी बोलत नसेल. वर्गातल्या हजेरीवरून हे महिन्यानं कळतं, निकालावरून सहा महिन्यांनी. मेसच्या रजिस्टरवरून तिसऱ्या दिवशी कळतं. पण ते रजिस्टर वाचतो कोण? ठेकेदाराला न येणाऱ्या मुलाचा फायदाच असतो, तो कशाला सांगेल? अतिरिक्त कार्यभारवाले सर महिनाअखेरीस त्यावर सही करतात. आत्महत्येनंतर चौकशी समिती बसते आणि मुलगा गेले काही दिवस जेवायला येत नव्हता असं तिच्यापुढे मित्र सांगतात. ते चौथ्या दिवशी विचारायला कुणी नव्हतं, कारण ते कुणाचं पूर्णवेळ काम नव्हतं.

असा माणूस नेमा, हे माझ्या पदरचं सांगणं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम २००९ साली निघाले. प्रत्येक वसतिगृहाला पूर्णवेळ वॉर्डन असावा, तो वसतिगृहात किंवा अगदी लगत राहावा, कुठल्याही वेळी उपलब्ध असावा, आणि शिस्त राखण्याबरोबर मुलांशी वर्गाबाहेर संवाद साधण्याची, त्यांना समजावून घेण्याची हातोटी त्याच्याकडे असावी, असं त्यांत लिहिलेलं आहे. दरवर्षी जूनमध्ये याच विनियमांच्या आधारे मुलांकडून आणि पालकांकडून हमीपत्रं लिहून घेतली जातात. मुलांनी पाळायचा नियम तेवढा आपण पाळून घेतो आणि विद्यापीठानं पाळायचा नियम गुंडाळून ठेवतो. हे कुठल्या न्यायात बसतं? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांची यादी आहे. तीत ग्रंथालय म्हणजे ज्ञानस्रोत केंद्र आहे, क्रीडा आहे, राष्ट्रीय सेवा योजना आहे, विद्यार्थी विकास आहे. वसतिगृहांचा संचालक त्या यादीत नावानं नाही. ज्या आवारात हजारो मुलं दिवसाचे चोवीस तास राहतात तिथं मैदानाला संचालक आहे आणि त्यांच्या ताटाला नाही.

जगाकडे पाहायचं तर अमेरिकेत निवास आणि भोजन हा विद्यापीठाचा स्वतंत्र विभाग असतो, त्याला पूर्णवेळ संचालक असतो, त्या कामाचं प्रशिक्षण असतं. काही ठिकाणी स्वयंपाक ठेकेदाराकडे असतो, पण त्याच्यावर विद्यापीठाचा जाणता माणूस असतोच. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट परिसरात भोजनव्यवस्था विद्यापीठ स्वतः चालवतं, आणि कॅम्पसवरच्या जेवणाच्या यादीत प्रिन्स्टन रिव्ह्यूनं तिला वर्षानुवर्षं पहिलं स्थान दिलेलं आहे. परदेशी विद्यापीठांच्या क्रमवारीची इतकी चर्चा आपल्याकडे होते. त्या विद्यापीठांनी मुलांच्या जेवणाची जबाबदारी झटकलेली नाही हे त्या चर्चेत कधी येत नाही.

दाराशी रखवालदार आहे, मग काळजी कसली, असं विचारणाऱ्यांना मी जून २०२३ ची आठवण देतो. मुंबईत चर्नी रोडजवळच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला, आणि संशय होता तो तिथल्याच रखवालदारावर. सुट्टीत रिकाम्या होत आलेल्या इमारतीत कोण कुठल्या मजल्यावर एकटं राहिलं आहे, तिला खाली किंवा शेजारच्या खोलीत हलवायला हवं, हे रखवालदारानं ठरवायचं नसतं. ते ठरवणारं माणूस इमारतीत असावं लागतं.

राहिला मुद्दा खात्यावर पैसे टाकण्याचा. हा आजचा सर्वांत लाडका उपाय आहे, कारण त्यात कुणालाच काही चालवावं लागत नाही. २०१८ साली राज्याच्या आदिवासी विकास विभागानं शहरांतल्या आपल्या वसतिगृहांमधल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट मुलांच्या खात्यावर द्यायचं ठरवलं. निवड तुमच्या हातात, हवं ते खा, असं समर्थन होतं. मग ती मुलं काय म्हणाली? त्यांनी त्याच वर्षी जुलैच्या पावसात पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला, आणि सिन्नरच्या अलीकडे पोलिसांनी त्यांना अडवलं. ज्यांच्या भल्यासाठी योजना आणली ती मुलं आम्हाला पैसे नकोत, मेस द्या म्हणून रस्त्यानं चालत होती, यापुढे आणखी कुठला पुरावा हवा? खात्यावरचे पैसे उशिरा येतात, आणि भूक वेळेवर लागते. घरी बापाचा फोन आला की बैल आजारी आहे, बहिणीची फी भरायची आहे, तर तो मुलगा जेवणाचे पैसे घरी पाठवतो आणि स्वतः एक वेळ जेवतो. कुठलाही चांगला मुलगा हेच करील. म्हणून त्याच्या वाट्याला पैसे नकोत, शिजलेलं ताट हवं. ते घरी पाठवता येत नाही.

सामाजिक न्याय विभागाची स्वाधार योजना आहे, आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाला तिचा आधार आहे हे खरं. पण मुंबई-पुण्यासारख्या शहरात तिच्यात निवासासाठी वर्षाला २०,००० रुपये धरले आहेत. महिन्याला सतराशेच्या आत. पुण्याच्या पेठांत एवढ्या पैशांत कॉट बेसिसवर जागा दाखवा. वसतिगृहाला पर्याय म्हणून ही योजना पुढे करणाऱ्यांनी आधी हा हिशेब जुळवून द्यावा.

मुलं लाडावली आहेत, हा आरोप तर मला सगळ्यांत जास्त लागतो. नंदुरबार, गडचिरोली, बीड, पालघर इथून आलेली मुलं मी पाहिली आहेत. घरात पहिल्यांदाच कुणी पदवीपर्यंत पोचलेलं. ती तक्रार करतच नाहीत, हा माझा अनुभव आहे. वरणात अळी निघाली तरी बाजूला काढून जेवतात, कारण घरी याहून कमी मिळालेलं असतं आणि इथं जागा जाईल अशी भीती असते. ती जेव्हा एकदाची थाळ्या वाजवत कुलगुरूंच्या दाराशी येतात तेव्हा त्याआधी महिनोन्‌महिने त्यांनी सोसलेलं असतं. त्यांना लाडावलेलं म्हणणाऱ्यानं आधी आठवडाभर त्यांच्या मेसमध्ये रांगेत उभं राहून जेवावं, मग बोलावं.

शेवटी पैसा. पैसा कुठून आणायचा, या प्रश्नावर सगळी चर्चा आणून सोडली जाते. तर हिशेब मांडू. मेस विद्यापीठानं स्वतः चालवली तर कर वाचतो आणि ठेकेदाराचा नफाही ताटात येतो. जागेचं भाडं विद्यापीठ स्वतःकडूनच घेणार नाही. लागतो तो एका संचालकाचा आणि प्रत्येक वसतिगृहाला एका पूर्णवेळ वॉर्डनचा पगार. प्रवेशद्वारं, सभागृहं, दीक्षान्त समारंभांचे मंडप यांना विद्यापीठांकडे पैसा निघतो, मग याला का निघत नाही? प्रश्न पैशाचा असता तर एवढ्या वर्षांत एकदा तरी ते पद मंजुरीसाठी शासनाकडे पाठवल्याचं, आणि पैशाअभावी ते नाकारल्याचं कुणी सांगितलं असतं. मागितलंच नाही, कारण ते पद असावं असं कुणाला वाटलं नाही.

म्हणून आता मागावं लागेल, आणि अर्धवट मागून चालणार नाही. निवास व भोजन संचालक हे पूर्णवेळ पद, प्राध्यापकाच्या दर्जाचं आणि वेतनाचं. व्यवस्थापन परिषदेत त्याला बोलावणं. मेसचं अंदाजपत्रक त्याच्या सहीचं. ठोक मासिक दर रद्द आणि प्रत्यक्ष खर्चावर हिशेब, तोही दरमहा भिंतीवर. आणि प्रत्येक वसतिगृहात राहणारा वॉर्डन, २००९ पासून नियमात लिहिलेला. परिषदेनं पुढच्या बैठकीत ठराव करावा, शासनाकडे प्रस्ताव जावा, जाहिरात या वर्षातच निघावी. पुढच्या जूनमध्ये नवी मुलं बॅगा घेऊन आवारात येतील, त्याआधी तो संचालक आवारातल्या घरात राहायला आलेला असला पाहिजे आणि पहिल्या दिवशीच्या मेसचं वरण त्यानं चाखलेलं असलं पाहिजे.